चौरस तिरका झाला तर?

भूमितीच्या तासाला चित्रपुस्तके वापरावीत, या सूचनेकडे अनेक जण गणित सोपे करण्याची युक्ती म्हणून पाहतात. माझे मत नेमके उलट आहे. नीट वापरलेले चित्रपुस्तक मुलांना पाठ्यपुस्तकातील सुबक आकृतीपेक्षा अवघड प्रश्नापुढे उभे करते, आणि त्याचे मोल त्यातच आहे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर एनसीईआरटीने गणिताची नवी पाठ्यपुस्तके आणली. २०२४ मध्ये आलेल्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’मध्ये एक मार्मिक प्रश्न आहे: चौरस फिरवला, तर तो चौरसच राहतो का? मला वाटते, या प्रश्नाची खरी जागा पहिली-दुसरीत आहे. तिथे तो विचारण्यासाठी व्याख्या लागत नाही, चित्र पुरते.

पतंगांच्या दुकानाचे चित्र घ्या. भिंतीला टेकवून रचलेले चौरस पतंग सरळ, आकाशातला मात्र कोपऱ्यावर उभा. पहिल्याला मूल चौकोन म्हणते, दुसऱ्याला शंकरपाळी. आता शिक्षकांनी पुस्तकच तिरके धरावे. आकार बदलला, की आपले पाहणे? वर्गात वाद होतो. तो मिटवण्यासाठी कोणी बाजू मोजते, कोणी कोपऱ्याला वहीचा कोपरा लावून पाहते. त्या क्षणी मूल आकाराच्या रूपाकडून त्याच्या गुणधर्मांकडे वळलेले असते. पिएर आणि दीना व्हान हील या डच दांपत्याने १९५७ मध्ये भूमितीच्या आकलनाच्या ज्या पायऱ्या मांडल्या, त्यांतील ही एक महत्त्वाची पायरी.

रेल्वेचे चित्र याहून खोडकर. कागदावर रूळ दूरवर जाऊन एकमेकांना मिळतात. प्रत्यक्षात मिळाले तर गाडी घसरेल. विहिरीचे तोंड लंबवर्तुळासारखे काढलेले असते, तरी मूल त्याला निःशंकपणे गोल म्हणते. दिसणे आणि असणे यांतील हे अंतर कोणतीही व्याख्या इतक्या लवकर दाखवू शकत नाही.

‘चित्र म्हणजे सिद्धता नव्हे’ हा आक्षेप रास्त आहे. परंतु चित्र फसवते हे ज्याने स्वतः अनुभवले, त्यालाच सिद्धतेची गरज मनापासून पटते.

भौतिकशास्त्रात आम्ही हाच प्रश्न सतत विचारतो: फिरवल्यावर काय बदलले, काय तसेच राहिले? प्रयोगाची मांडणी दुसऱ्या दिशेला वळवली, म्हणून निसर्गनियम बदलत नाहीत. एमी नोदर यांच्या १९१८ च्या सिद्धांतानुसार कोनीय संवेगाची अक्षय्यता याच साध्या वाटणाऱ्या गोष्टीतून निष्पन्न होते. तिरक्या पतंगाचा प्रश्न म्हणूनच पोरकट नाही.

पैशांची अडचणही फार मोठी नाही. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके स्वस्त आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर अनेक भारतीय भाषांतील चित्रकथा विनामूल्य मिळतात. उणीव आहे ती वर्गातील निवांत वेळेची आणि मूल्यमापनातील धाडसाची. परीक्षेत ‘आकृती ओळखा व नाव लिहा’ एवढेच विचारले, तर सर्वांत देखणे पुस्तकही पाठांतराचे साधन ठरेल. ‘तुला असे का वाटते?’ या प्रश्नाला गुण मिळू लागले, तरच चित्रांचे चीज होईल.

घरात लहान मूल असेल, तर त्याला हा पतंगाचा प्रश्न जरूर विचारा. उत्तर चूक की बरोबर हे लगेच सांगू नका. आधी त्यामागचे कारण ऐका.