गंजाचा सुकाळ

गंजाचा सुकाळ झालाय, मंडळी. मॉडेलचं कुठलंही प्रदर्शन बघा, कुणाचाही अल्बम उघडा. रणगाडा जर्मन असो, रशियन असो की अमेरिकन, ट्रॅक सगळ्यांचे एकाच बाटलीतून निघालेले. खाली तपकिरी, वर नारिंगी गंज, आणि शेवटी चंदेरी रंगाचा कोरडा ब्रश. झालं काम! वरच्या हिरव्याची छटा नेमकी कुठल्या वर्षीची यावर मात्र हीच माणसं महिनाभर वाद घालतात.

"एवढं कोण बघतंय रे?" असं आमचे मामा विचारतात. त्यांना माफ आहे, त्यांच्या लेखी ती खेळणीच आहेत. पण हाच प्रश्न वर्षानुवर्षं मॉडेलं करणारा माणूस विचारतो तेव्हा डोकं फिरतं. ट्रॅक कशाचा आहे हेच ठाऊक नसेल तर आपण रंगवतोय काय? रणगाडा नाही, दुसऱ्या कुणाचं तरी मॉडेल. आणि त्यानंही तिसऱ्याचं बघूनच रंगवलेलं.

तर आधी कशाचा ते बघू. टी-34 किंवा सेंच्युरियनचा ट्रॅक म्हणजे ओतीव मँगनीज पोलाद. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डनं 1882 मध्ये शोधलेलं, साधारण 12 टक्के मँगनीज असलेलं. याची गंमत अशी की ते जितका मार खातं तितका त्याचा पृष्ठभाग टणक होत जातो. (आणि लोखंडाच्या जातीचं असून त्याला लोहचुंबक जवळजवळ चिकटत नाही! संग्रहालयात रखवालदाराची परवानगी काढून करून बघण्यासारखा प्रयोग.) पण गंजतं. रात्रभर दवात उभा राहिला की पातळ तपकिरी थर चढतो, सकाळी गाडी थोडी चालली की जमिनीला घासणाऱ्या कडा पुन्हा लख्ख. नारिंगी खपल्या धरायला रणगाडा महिनोन्महिने एका जागी पडून राहावा लागतो. म्हणजे तो रंग भंगाराचा झाला. लढाईला निघालेल्या गाडीला तो फासायचा कशाला?

अमेरिकन शर्मन घ्या. त्याचे टी-48 जातीचे ट्रॅक म्हणजे पोलादी सांगाड्यावर चढवलेले रबराचे ठोकळे. जमिनीला टेकतं ते रबर, आतून चाकांना लागतं तेही रबर. उघडं पोलाद दिसतं ते दोन्ही कडांच्या जोडांवर, जिथे दातेरी चाकाचे दात अडकतात. झिजून चकाकायचं तर तिथेच. पण आमचे बहाद्दर त्या रबरावरच चांदी घासतात, जणू काजूकतलीला वर्ख लावतायत! शिवाय रबर म्हणजे डांबरासारखं काळंकुळकुळीत, हाही एक गैरसमज. वापरातलं रबर धुळीनं राखाडी पडतं, त्याच्या कडांचे तुकडे उडालेले असतात.

आणि हा नुसता रंगाचा मामला नाही. 1942 च्या सुरुवातीला जपाननं मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि दोस्तांचं नैसर्गिक रबर बहुतांशी बंद झालं. शर्मनवर पोलादी ट्रॅक जास्त दिसू लागण्यामागे ही टंचाई आहे. रशियातही त्याच वर्षी रबराची चणचण होती, म्हणून स्टालिनग्राडच्या कारखान्यानं टी-34 ला बाहेरून रबर नसलेली पोलादी चाकं बसवली. अशा गाडीत चाक थेट ट्रॅकवर पोलादाला पोलाद घासत धावतं आणि आतली पट्टी चकाकते. रबरी चाकांच्या टी-34 वर तशी चकाकत नाही. मलायातले रबराचे मळे कुणाच्या हातात गेले हे ट्रॅकवर वाचता येतं, आणि आपण त्यावर बाटली ओतून मोकळे होतो.

लांब कशाला, आपलंच बघा. सप्टेंबर 1965, असल उत्तर. उसाच्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन, समोर आपले सेंच्युरियन. पॅटनचे ट्रॅक रबरी पॅडचे, सेंच्युरियनचे निखळ पोलादी. माती एक, मोसम एक, पण दोन्हींवर ती बसेल वेगळी, झिजेल वेगळी. या लढाईचा देखावा करायचा, पाटीवर 'वीरांना अभिवादन' लिहायचं, आणि दोन्ही गाड्यांना तोच नारिंगी गंज? ट्रॅक तुटला की गोळीबारात बाहेर येऊन घण घालून तो जोडणं ही त्या जवानांची सगळ्यांत अंगमोड कामं. त्यांनी हाताळलेली वस्तू कशाची होती एवढं तरी विचारावं की नाही?

काही जण संग्रहालयाचे फोटो पुढे करतात. अहिल्यानगरचं (म्हणजे आपलं नगर) 1994 चं रणगाडा संग्रहालय जरूर बघा, वेळ काढून बघा. पण उभ्या गाडीला गंजू नये म्हणून सरसकट रंग फासतात. तिथे कड्यांचा आकार बघा, रबर कुठे संपतं आणि पोलाद कुठे सुरू होतं ते बघा. रंग उचलू नका.

मी काय करतो? पोलादाला गडद राखाडी-तपकिरी, त्यावर त्या त्या प्रदेशाच्या मातीचा पातळ हात, आणि झिजणाऱ्या कडांवर 6बी पेन्सिल घासतो. दहा रुपयांत काम होतं, चंदेरी रंग लागत नाही. शर्मनला पेन्सिल फक्त जोडांवर.

सध्या टेबलावर 1943 चा टी-34 आहे, काही चाकं रबरी, काही पोलादी. एका ब्लॉगर मित्रानं विचारलं, मग चकाकी फक्त पोलादी चाकांखालच्या कड्यांना द्यायची का? अरे बाबा, ट्रॅक फिरतो! प्रत्येक कडी प्रत्येक चाकाखालून जाते. पट्टी पूर्ण वेटोळ्यावर येणार, पार वरच्या बाजूलाही.