नारिंगी रंग गेला, शिक्का राहिला

भारतीय नागरिकाचा पासपोर्ट नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. पुस्तिका दुबईच्या बांधकामावर जाणाऱ्या गवंड्याची असो की कॅलिफोर्नियात घर घेऊन बसलेल्या अभियंत्याची, ती याच छापखान्यातील कामगारांच्या हातून बाहेर पडते. २०१८ सालच्या जानेवारीत परराष्ट्र मंत्रालयाने या छापखान्याला एक नवे काम नेमून दिले. पासपोर्टचे शेवटचे पान यापुढे छापायचे नाही, आणि ज्यांना परदेशगमनासाठी सरकारी तपासणीची अट आहे त्यांच्या पुस्तिकेला निळ्याऐवजी नारिंगी वेष्टण घालायचे, असा तो निर्णय होता. तपासणीची अट कोणाला? मुख्यतः जो दहावी झालेला नाही आणि आयकर भरत नाही त्याला. म्हणजेच शिक्षण आणि संपत्ती या दोन्ही गोष्टी ज्याच्या वाट्याला आल्या नाहीत, त्याची ओळख जगातील प्रत्येक विमानतळावर दहा हातांवरूनच पटावी, अशी ही व्यवस्था होती!

देशभर टीका झाली, केरळच्या उच्च न्यायालयात याचिका गेली आणि ३० जानेवारीला सरकारने माघार घेतली. वर्तमानपत्रांनी विषय मिटवला, विरोधी पक्षांनी विजय साजरा केला. पण मागे घेतला तो केवळ रंग. पुस्तिकेच्या आतील पानावर छापले जाणारे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ हे तीन शब्द जागच्या जागी राहिले, आणि ज्या वर्गभेदाचे ते शब्द हे केवळ बाह्य लक्षण आहे, त्याला तर कोणी हातही लावला नाही.

या भेदाचा पाया १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यात आहे. दहावी उत्तीर्ण, आयकरदाते, पन्नाशी ओलांडलेले, तीन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेले, असे नागरिक तपासणीतून मुक्त. आयकर भरणाऱ्याची पत्नी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मुले हीदेखील मुक्त. कर भरणाऱ्याच्या प्रतिष्ठेत त्याचे कुटुंब असे आपोआप वाटेकरी होते. उरलेल्यांना सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिरात, मलेशिया अशा अठरा देशांत कामासाठी जायचे तर उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. नाशिक जिल्ह्यातील कामगाराच्या दृष्टीने हा संरक्षक मुंबईत बसतो.

सरकारचे आणि सरकारच्या सुशिक्षित समर्थकांचे म्हणणे असे की, ही अट अडाणी माणसाच्या रक्षणासाठीच आहे. हा युक्तिवाद थट्टेवारी नेण्यासारखा नाही. खोटे करार, पोहोचल्यावर काढून घेतलेले पासपोर्ट, थकवलेली मजुरी, हे सारे खरे आहे आणि राज्यसंस्थेने त्यात हस्तक्षेप करणे हे तिचे कर्तव्यच आहे. प्रश्न एवढाच की, रक्षण माणसाच्या शाळेच्या दाखल्यावरून ठरावे की त्याच्या कामातील धोक्यावरून? सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणारे दोन वेल्डर एकाच मालकाकडे, एकाच पगारावर रियाधला निघाले, तर नववी नापास झालेल्याला विम्याची सक्ती आणि कराराची तपासणी लागू, आणि दहावी पास झालेला मोकळा! मोकळा म्हणजे वाऱ्यावर सोडलेला. क्रेन कोसळते तेव्हा ती गुणपत्रिका पाहत नाही. धोक्यावरून रक्षण ठरवणे अशक्य आहे असेही नाही, कारण २०१५ साली सरकारने स्वतःच ते केले. परिचारिका शिकलेल्या असतात, त्यांच्या पासपोर्टवर शिक्का नसतो. तरीही त्यांच्या भरतीतील लूट डोळ्यांवर आली तेव्हा या देशांत जाणाऱ्या परिचारिकांना मंजुरीच्या कक्षेत आणून त्यांची भरती सरकारी संस्थांकडे सोपवली गेली. परिचारिकेला जे लागू करता आले ते वेल्डरला, गवंड्याला, वाहनचालकाला का नाही, याचे उत्तर कोणत्याही मंत्र्याने दिलेले नाही.

‘उत्प्रवासी संरक्षक’ हे पदनामही जुन्या काळची आठवण करून देते. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर कोकणातून आणि पश्चिम महाराष्ट्रातून गिरमिटावर माणसे नेली गेली, तेव्हाही बंदरावर याच नावाचा अधिकारी बसत असे. मजुराच्या अंगठ्याखालचा करार त्याला समजला आहे, असे प्रमाणित करणे हे त्याचे काम. मळेवाल्याला मजूर वेळेवर मिळावा आणि साम्राज्याच्या पदरी नसती बदनामी येऊ नये, ही त्या संरक्षणाची मर्यादा होती. गिरमिट १९१७ पासून बंद पडत गेले, १९२२ चा कायदा आला, त्याच्या जागी १९८३ चा आला. मजूर पाठवणाऱ्या राज्यसंस्थेची मजुराकडे पाहण्याची नजर मात्र त्या मानाने फारच थोडी बदलली.

ती नजर दलालाच्या दलालीत स्पष्ट दिसते. परवानाधारक भरती-दलालाने कामगाराकडून ३० हजार रुपयांपर्यंत सेवाशुल्क घ्यावे, असे नियमच सांगतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की आकडा ३५,४०० वर जातो. म्हणजे कामगार आपले श्रम विकायला निघाला की पहिला कर त्यालाच. (दलाल प्रत्यक्षात घेतात ती रक्कम याहून कितीतरी मोठी असते, आणि पावती मात्र नियमातल्या आकड्याचीच मिळते, हे गल्लीतले पोरही सांगेल.) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या कराराचे तत्त्व याच्या नेमके उलट आहे: भरतीचा खर्च कामगारावर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पडता कामा नये, ज्याला माणूस हवा त्याने तो सोसावा. भारताने त्या करारास मान्यता दिलेली नाही.

आता कुटुंबाचा विचार करावा. कारण परदेशी स्थायिक होण्याच्या ज्या कहाण्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतून ऐकू येतात, त्या सर्व सहकुटुंब स्थायिक होण्याच्या असतात. मुलांची शाळा, घराचे कर्ज, पत्नीला काम करण्याची परवानगी, आणि पुढे कधीतरी तिकडचे नागरिकत्व. एकट्या २०२२ साली २,२५,६२० भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले, असे सरकारने संसदेत सांगितले. त्यात त्यांचा गुन्हा काही नाही. पण मालेगावच्या यंत्रमागावरून उठून आखातात गेलेल्या माणसाला ‘सहकुटुंब’ हा शब्द उच्चारण्याचीही मुभा नसते. अमिरातीत २०१९ पासून बायकामुलांना आणण्यासाठी महिना ४,००० दिरहम पगाराची, किंवा राहण्याची जागा मालक देत असेल तर ३,००० दिरहम पगाराची अट आहे. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक कुटुंबीयावर दरमहा १०० रियाल कर बसवला आणि तो दर वर्षी वाढवत जुलै २०२० पर्यंत ४०० रियालवर नेला. पत्नी आणि दोन मुले धरली तर महिन्याला १,२०० रियाल, केवळ त्यांना शेजारी राहू देण्याचे!

परकीय राजवटींना भारतीय कामगाराच्या संसाराची पर्वा नसावी, हे समजण्यासारखे आहे. स्वदेशी सरकारने काय केले? कामगाराचा करार मंजूर करताना ज्या पगाराच्या खाली जाता येत नाही, असे किमान वेतन भारत सरकार प्रत्येक देशासाठी ठरवते. सप्टेंबर २०२० मध्ये, महासाथीने हजारो कामगार रिकाम्या हाताने परतत असताना, सरकारने हे किमान वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. अमिरात, कतार, ओमान आणि बहारीनसाठी ते महिना २०० डॉलर झाले, सौदीसाठी ३२४ डॉलर. हिशेब करून पाहावा. २०० डॉलर म्हणजे सुमारे ७३५ दिरहम; कुटुंब आणण्यासाठी लागणाऱ्या ४,००० दिरहमांचा पाचवा हिस्साही नव्हे. ३२४ डॉलर म्हणजे सुमारे १,२१५ रियाल. पत्नी आणि दोन मुलांवरचा सौदी कर भरला की कामगाराच्या हाती पंधरा रियाल उरणार. दिल्लीच्या लेखी भारतीय मजुराची किंमत ही, आणि त्याने तीत संसार करणे अपेक्षितच नाही! कारण असे देण्यात आले की, पगार उतरवले नाहीत तर नोकऱ्या इतर देशांच्या कामगारांकडे जातील. मालकसंघटना नेमके हेच बोलतात. तेलंगणाच्या उच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि जुलै २०२१ मध्ये जुने दर परत आले. मधल्या दहा महिन्यांत ज्यांनी करारांवर सह्या केल्या, त्यांचा फरक कोणी भरून दिला, असे विचारण्याची सोय नाही.

पैसा मात्र सरकारला हवा आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशात आलेल्या वैयक्तिक परकीय धनप्रेषणात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळाहूनही थोडा अधिक होता. मुंबईच्या बँकशाखांमुळे हा आकडा काहीसा फुगत असेल. आणि जो पैसा येतो त्यातही अमेरिकेचा भाग वाढता आहे. तरीही आखाती देशांचा एकत्रित हिस्सा तिसऱ्या भागाहून मोठाच राहिला. अनिवासी भारतीयाच्या परकीय चलनातून भरलेल्या बँकखात्यावरील व्याज भारतात करमुक्त आहे. कागदावर ही सवलत गवंड्यालाही आहे आणि डॉक्टरलाही. शिल्लक टाकण्याची ऐपत दोघांपैकी कोणाची, हे सांगायला नको. शिक्का असलेल्या कामगारांसाठी २०१२ साली सुरू झालेली महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना, म्हणजे त्याच्या म्हातारपणाची थोडीशी तजवीज, २०१७ साली बंद करण्यात आली. उरला तो विमा: दोन वर्षांना २७५ रुपये हप्ता, १० लाखांचे संरक्षण, पण ते अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वापुरतेच. पन्नास अंशांच्या उन्हात राबून रात्री खोलीत हृदय बंद पडलेला माणूस दाखल्यावर ‘नैसर्गिक कारणाने’ मेलेला असतो. त्याची विधवा त्या १० लाखांच्या कक्षेत बसत नाही.

दुसरीकडे बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडा अशा सुमारे वीस देशांशी भारताने सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. कंपनीने तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्याला दोनदा वर्गणी भरावी लागू नये आणि त्याची सेवेची वर्षे वाया जाऊ नयेत, याची त्यांत काळजी घेतलेली आहे. हे करार योग्यच आहेत. पण त्या यादीत एकही आखाती देश नाही, आणि भारतीय श्रमिकांची सर्वांत मोठी संख्या तर तेथेच आहे.

जर्मनीचा उल्लेख आला आहे तर महाराष्ट्र शासनाचा पराक्रमही नोंदवला पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी करार होऊन दहा हजार कुशल तरुण पाठवण्याची घोषणा झाली. जर्मन भाषा शिकवण्याचा खर्च शासनाने उचलण्याचे ठरले. जर्मन मालकांना परिचारिका, वीजतंत्री आणि वाहनचालक कमी पडताच मुंबईच्या मंत्रालयाला भाषाशिक्षणाची, करारमदाराची, प्रशिक्षणाची सारी विद्या अवगत झाली. मग हेच आखातात जाणाऱ्या गवंड्यासाठी चार दशकांत का सुचले नाही? अरबी करारातील कलमे मराठीत आणि उर्दूत समजावून सांगणारा एक कारकून नाशिकच्या जिल्हाधिकारी कचेरीत बसवायला कोणत्या परकीय राज्याची सही लागते? केरळने १९९६ साली प्रवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले, २००८ साली कायदा करून कल्याण मंडळ आणि निवृत्तिवेतन दिले. तेथे डाव्यांची चळवळ होती आणि तिच्या मागण्यांत हा कामगार होता.

महाराष्ट्रात तो नव्हता, हे डाव्या कार्यकर्त्यांनीही ध्यानात घ्यावे. कामगार संघटनांच्या सभासद-नोंदवहीत परदेशी गेलेल्याचे नाव सरळ खोडले जाते; तो ‘सुटला’ असे धरले जाते. त्याने दलालासाठी काढलेले कर्ज, गहाण पडलेले दागिने, मागे राहिलेली पत्नी आणि वर्षानुवर्षे बाप न पाहिलेली मुले याच वस्त्यांत असतात, तरी त्यांचा प्रश्न कोणत्याही मोर्चाच्या फलकावर येत नाही.

१९८३ चा कायदा बदलण्यासाठी केंद्राने २०२१ साली एक मसुदा काढला, ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरा. दुसऱ्याच्या नावात ‘सुलभीकरण’ आधी आणि ‘कल्याण’ नंतर, हा क्रम सहज पडलेला नाही. कायदा कोणत्याही नावाने येवो, नाशिक जिल्ह्यातून चार मागण्या ठरावरूपाने गेल्या पाहिजेत. दलालाचे शुल्क कामगाराकडून घेणे गुन्हा ठरवावा आणि ते मालकाकडून वसूल करावे. मंजुरी व विमा शिक्षणावर न ठेवता कामाच्या स्वरूपावर ठेवावा, आणि विम्यात कामावर असतानाच्या कोणत्याही मृत्यूचा समावेश व्हावा. आखाती देशांशी सामाजिक सुरक्षा करार करावेत. उत्प्रवासी संरक्षकाची शाखा नाशिकला उघडावी. जेथे पासपोर्ट छापला जातो तेथे त्यावरील शिक्क्याची चौकशी करायला दोनशे किलोमीटर जावे लागू नये. ठरावाच्या प्रती प्रथम नाशिक रोडच्या छापखान्यातील कामगारांच्या सभेत वाचल्या जाव्यात, मग सातपूर, अंबड आणि मालेगाव येथे.