एक शब्द खोडला; पुढे काय?

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मुलीला घेऊन आलेली आई ‘फेफरे’ हा शब्द आजही हलक्या आवाजात उच्चारते. तिला धास्ती असते ती मुलीच्या लग्नाची. या धास्तीला एकेकाळी कायद्याचेच पाठबळ होते. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या अपस्माराला वेडाच्या पंक्तीस बसविले. इंडियन एपिलेप्सी असोसिएशन व मेंदूविकारतज्ज्ञ पाठपुरावा करीत राहिले, तेव्हा कुठे संसदेने १९९९ मध्ये तो शब्द गाळला. एक शब्द खोडण्यास तेवीस वर्षे!

शब्द खोडण्यास निदान पैसा लागत नाही, संशोधनास लागतो. सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. मेंदूत शिरलेली पट्टकृमीची अळी हे आपल्याकडील अपस्माराचे एक प्रमुख कारण. श्रीमंत देशांनी त्याचा शोध आपल्यासाठी अग्रक्रमाने घ्यावा, ही अपेक्षाच भाबडी. केंद्र सरकारने १९९९ मध्येच हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र स्थापन केले, हे योग्यच. परंतु रुग्ण येतात ते १९२६ पासून चालत आलेल्या परळच्या या महापालिका रुग्णालयात. येथील डॉक्टरांकडून येथील रुग्णांविषयी संशोधन व्हावयाचे, तर महापालिकेच्या व राज्याच्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद हवी. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी ती मागावी.