मोफत शस्त्रक्रियेची किंमत

खेड्यात नेत्रतपासणीचे शिबिर भरते. अनेक वृद्धांना मोतीबिंदू असल्याचे सांगण्यात येते व शस्त्रक्रिया मोफत होईल असे आश्वासनही मिळते. परंतु ठरल्या दिवशी रुग्णालयाची गाडी येते, तेव्हा त्यांतील कित्येक जण घरीच राहतात. मग शिबिर भरविणारे सद्गृहस्थ म्हणतात, "लोकच अडाणी, फुकट दिले तरी घेत नाहीत." हा निवाडा आम्हांस मान्य नाही.

प्रश्न लहानसहान नाही. अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. तरीही २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या अंधांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदू हेच आढळले. या रोगावर खात्रीचा इलाज आहे. म्हणजे तीन अंधांपैकी दोघे केवळ वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यामुळे अंधारात बसले आहेत.

ते का बसले आहेत? 'मोफत' हा शब्द जरा तपासून पाहावा. डॉक्टर पैसे घेत नाही, हे खरे. परंतु म्हाताऱ्याबरोबर जाणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. फेरतपासणीसाठी पुन्हा जावे लागते. त्याचे भाडे व बाहेरचे जेवण हा खर्च निराळाच. डोळ्याला काही दिवस धूर व धूळ लागू देऊ नये, असे सांगतात. चुलीपुढे बसणाऱ्या बाईने हे कसे पाळावे? घरातल्या म्हातारीच्या डोळ्यांची पाळी तर सर्वांच्या शेवटी येते. "आता माझे दिवस किती राहिले?" असे ती स्वतःच म्हणते. हे बोल तिचे नव्हेत; जन्मभर मिळालेल्या वागणुकीने ते तिच्या तोंडी घातले आहेत.

हे अडथळे दूर करता येतात. मदुराई येथे १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी स्थापन केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने शिबिरातील गरीब रुग्णांची ने-आण, राहणे व जेवण हा उपचाराचाच भाग मानला. दक्षिण भारतातील एका अभ्यासातही, जो १९९१ साली प्रसिद्ध झाला, शस्त्रक्रियेबरोबर प्रवास व जेवणाचा खर्च उचलल्यास अधिक लोक पुढे येतात, असे दिसून आले. मग अडाणी कोण ठरले?

तथापि सारा दोष व्यवस्थेवर टाकून आपण मोकळे होऊ नये. "मोतीबिंदू पिकू द्या" हा सल्ला आजही गावोगाव दिला जातो. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत त्याला काही अर्थ होता. आता डोळ्यात कृत्रिम भिंग बसवितात, त्यामुळे थांबण्याचे कारण उरलेले नाही. उलट, अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. डोळा काढून घेतात, ही अफवाही खोटी आहे. आणि अंधत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ही समजूत तर सर्वांत घातक. जो आपले दुःख दैवाचे मानतो, तो त्यावर इलाज मागतच नाही.

शासनाने व संस्थांनी केवळ शस्त्रक्रियांची संख्या मोजू नये. तपासलेल्यांपैकी कितीजण आले नाहीत व का आले नाहीत, याचाही हिशेब ठेवावा. सोबत येणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार व्हावा. शस्त्रक्रिया बिघडल्यास रुग्णाला वाऱ्यावर सोडू नये, कारण एक बिघडलेला डोळा साऱ्या गावाला माघारी फिरवितो. दृष्टी ही कोणाच्या दानाची वस्तू नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे.

आमच्या तरुण वाचकांनी एवढे करावे: ज्याची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे, अशा शेजाऱ्याला घेऊन आपल्या वस्तीतील प्रत्येक अंध वृद्धाच्या घरी जावे. त्याच्या दोन शब्दांनी जे होईल, ते शंभर भित्तिपत्रकांनी होणार नाही. आणि सुरुवात आपल्या घरच्या म्हातारीपासून करावी.