कृष्णा रेड्डींचा कार्यक्रम आपण का केला



छापचित्रकार कृष्णा रेड्डी यांच्या जन्मशताब्दीच्या कार्यक्रमावरून बरीच पत्रे आली. 'मंडळ मराठी, मग चित्तूरकडच्या तेलुगू कलावंतावर खर्च कशाला?' हा त्यांतला मुख्य सूर. काही ज्येष्ठांनी तो आपुलकीनेच लावला आणि त्यांच्या भावनेचा कार्यकारिणीला आदर आहे. तरी निर्णय योग्यच होता, असे आम्हाला वाटते.

1925 साली जन्मलेले रेड्डी शांतिनिकेतनात शिकले, लंडनच्या स्लेड कलाशाळेत गेले, मग पॅरिसला छापचित्रकार हेटर यांच्या 'आतलिए 17' या छापचित्रांच्या कार्यशाळेत रमले. तिथे आपल्या मुंबईचे कैको मोती त्यांच्यासोबत होते. एकाच प्लेटवरून, एकाच दाबात अनेक रंग उमटवायची रीत या दोघांच्या खटपटीतून आकाराला आली. प्लेट कमी-जास्त खोल कोरायची. कडक रोलर वरवरच फिरतो, मऊ रोलर खोलगटात उतरतो. शाईत जवसाचे तेल कमी-जास्त घालायचे, कारण पातळ शाईवर घट्ट शाई बसत नाही. 1963 चे त्यांचे 'व्हर्लपूल' हे छापचित्र असेच छापलेले आहे.

आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे शिकवणे. एवढी कष्टाने कमावलेली रीत त्यांनी स्वतःपाशी ठेवली नाही. 1976 मध्ये इथे न्यूयॉर्कला आल्यावर विद्यापीठात शिकवली, सोहोमधल्या स्टुडिओत येईल त्याला दाखवली, वर पुस्तकही लिहिले. 2018 मध्ये ते गेले, पण देशोदेशींचे छापचित्रकार आज त्या रीतीने काम करतात. परक्या शहरात राहून असे देता येते, हे आपल्या मुलांनी पाहायला हवे होते.

पाहिले मात्र मोजक्यांनी. मंडळाच्या नाटकाला जागा पुरत नाहीत आणि या दुपारी मागच्या रांगा रिकाम्या राहिल्या, याचे वाईट वाटते. जी मुले आली, ती प्रात्यक्षिकात हाती दिलेला रोलर सोडायला तयार नव्हती. प्रेसमधून कागद उचलला आणि स्वतः लावलेल्या निळ्याशेजारी पिवळा वेगळा उमटलेला दिसला, तेव्हा एका मुलीने लगेच दुसरी प्लेट मागितली. तो छाप तिच्या आजोबांनी घरी नेला. कार्यक्रमाला त्यांचाच विरोध होता.

'मग मराठी चित्रकार मोहन सामंत का नाहीत?' ही पत्रांतली सूचना रास्त आहे. गोरेगावचे सामंत 1968 पासून न्यूयॉर्कमध्येच राहिले, इथेच 2004 मध्ये वारले. पुढचा कार्यक्रम त्यांच्यावर करू. मात्र गणेशोत्सवाच्या निधीला हात लागणार नाही, हेही स्पष्ट करतो. सामंतांच्या कार्यक्रमासाठी वेगळी वर्गणी लागेल. इच्छुकांनी कोषाध्यक्षांना कळवावे. खुर्च्या लावायला आणि प्रेस उचलायला चार-पाच दणकट हात हवेत. येणाऱ्यांनी नावे आठवडाभर आधी द्यावीत, म्हणजे कागद आणि शाई बेताने आणता येईल. मुलांना जुने कपडे घालून आणावे, शाईचे डाग सहज जात नाहीत.

— संपादक मंडळ