चिपला विचारू नका, लिहायला लावा



गेल्या वर्षी माझ्या दुसरीच्या मुलांचं प्रकट वाचन मी जूनपासून मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो. मोबाईल भरला की सगळं ६४ जीबीच्या मेमरी कार्डात टाकायचो. मार्चमध्ये पालकसभेसाठी कार्ड उघडलं, तर फाईलींची नावं सगळी दिसत होती, पण दिवाळीनंतरची एकही फाईल उघडेना. कार्ड प्रत्यक्षात ८ जीबीचंच होतं! जूनमध्ये अक्षर अक्षर लावून वाचणारी पोर फेब्रुवारीत गोष्ट घडाघडा वाचत होती. ते तिच्या आईला दाखवायचं राहूनच गेलं.

असं होतं कसं? "तुझ्यात जागा किती?" असं कॉम्प्युटर कार्डातल्या कंट्रोलर चिपला विचारतो. बनावट कार्डातल्या चिपला "६४" म्हणायला पढवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हरवतं, नाहीतर जुन्यावरच लिहिलं जातं. वर्गातलंच बघा ना. "समजलं का रे?" विचारलं की सगळे एका सुरात "हो सर!" पाटीवर लिहायला लावलं की खरं कळतं.

तशी अस्सल चिपही निर्दोष नसते बरं का. नॅन्ड प्रकारच्या फ्लॅश चिपमध्ये काही ब्लॉक कारखान्यातूनच खराब येतात, पण कारखाना त्यांच्यावर खूण करून पाठवतो. यंत्र चालू होताना आधी जो छोटा प्रोग्राम जागा होतो तो बूटलोडर. त्यातला ड्रायव्हर या खुणा वाचतो, खराब ब्लॉकची यादी ठेवतो आणि ते ब्लॉक टाळून काम करतो. यू-बूट नावाच्या बूटलोडरमध्ये ही यादी बघायची कमांडच आहे. दोष कबूल करणाऱ्या चिपशी आपलं भागतं. माझा राग आहे तो खोटं सांगणाऱ्या चिपवर.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की शाळेत आलेलं कार्ड किंवा पेनड्राइव्ह रजिस्टरला चढवण्याआधी पूर्ण भरून तपासावं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे मोफत प्रोग्राम आहेत. ते कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताळा करतात. कार्ड रिकामं असतानाच हे करा. वेळ लागतो, मधल्या सुट्टीत उरकणार नाही. बिलाची घाई असते तेव्हा "चालतंय ना सर कार्ड?" असं विचारतात. चालतंय हो, पण कितीपर्यंत?

यंदा तीन कार्डं आली. दोन बरोबर निघाली. तिसऱ्याचा निकाल दुकानदाराला स्क्रीनवरच दाखवला, त्यानं निमूट बदलून दिलं.