राब भाजणारा गुन्हेगार, मग काडी लावायला सांगणारा कोण?



मार्च-एप्रिल आला की सोमाटण्याच्या शिवारात धूर दिसतो आणि त्यासोबत ठरलेला सूर ऐकू येतो : "हे अडाणी लोक जाळपोळ करून हवा खराब करतात." बोलणारे बहुधा फाट्यामागच्या नव्या इमारतींतले असतात. आमचा त्यांना साधा प्रश्न आहे. धूर कुणाचा आहे, हे जवळ जाऊन पाहिलेत का?

भातखाचराच्या कोपऱ्यात शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर अंथरायचे, वर बारीक माती टाकायची आणि सावकाश भाजायचे, हा राब. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. याच जागेवर भाताचे रोप तयार होते. पंजाबातल्या पराळीशी त्याची गाठ घालणे चूक आहे. आमच्याकडे पेंढा जाळत नाहीत, तो गुरांना लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये पिकांचे अवशेष जाळण्यावर जो आदेश दिला तो दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानसाठी होता. मात्र 2016 चा आदेश उघड्यावर कचरा जाळण्याबद्दल आहे आणि तो देशभर लागू आहे : साध्या जाळण्याला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000. म्हणजे राबात खताची गोणी, ठिबकची नळी टाकली की तो राब उरत नाही, कचरा होतो. आपल्या लोकांनीही हे ध्यानात घ्यावे.

राबावरून भांडण नवे नाही. इंग्रजांच्या वनखात्याने टहाळ तोडण्यावर बंधने आणली तेव्हा ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की 1885 मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला. बांध ज्याचा, तो बांधावरच्या झाडाचा टहाळ तोडतो. ज्याला बांधच नाही तो जंगलात जातो आणि चोर ठरतो. आजही वेगळे काय आहे?

आम्हाला खरी चीड आहे ती दुसऱ्याच आगीची. फार्महाऊसवाला किंवा प्लॉटवाला फोनवरून सांगतो, "गवत साफ करून टाक." मजूर कातकरी, ठाकर, नाहीतर आपल्याच वस्तीतला. कापायची मजुरी परवडत नाही म्हणून काडी लावायला सांगतात, तीही भर दुपारी. वारा सुटतो, डोंगर पेटतो. वणव्याचा पंचनामा होतो तेव्हा मालक शहरात असतो आणि हातात काडीपेटी सापडते ती मजुराच्या. भारतीय वन अधिनियम 1927 चे कलम 26, भारतीय न्याय संहितेचे कलम 287, दोन्ही त्याच्याच डोक्यावर. ज्याने सांगितले त्याचे नाव पंचनाम्यात का येत नाही? काम सांगणारा आणि काम करणारा यांच्यातली ही वाटणी आपण चांगली ओळखतो.

काम नाकारता येत नसेल तर निदान जीव आणि अंग वाचवा. सकाळी, वारा पडलेला असताना पेटवा. आधी चारही बाजूंनी गवत काढून माती उघडी करा. पाण्याचा पिंप आणि दोन माणसे हाताशी ठेवा. वाऱ्याच्या उलट दिशेने आग सावकाश सरकू द्या आणि राख थंड होईपर्यंत हलू नका. जंगलाला लागून असेल तर वनरक्षकाला आधी कळवा. आणि मालकाने सांगितल्याचा मेसेज फोनमध्ये जपून ठेवा, तो पुसू नका.

राब कायमचा टिकावा असा आमचा हट्ट नाही. चारसूत्री पद्धतीत तुसाची राख गादीवाफ्यात घालतात, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात. नेरळच्या सगुणा तंत्रात राबही नाही, आवणीही नाही. पण आवणी गेली तर त्यावर चार पैसे मिळवणाऱ्या भूमिहीन बायांनी कुठे जायचे? तणनाशकाचा खर्च गुंठ्यावाल्याने कुठून करायचा? बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान धारणक्षेत्रावरच्या निबंधात दाखवले होते की दुखणे केवळ तुकड्यांचे नाही, शेतीवर पडलेल्या रिकाम्या हातांच्या भाराचे आहे आणि त्याला उद्योग हवेत. सोमाटण्याच्या आसपास उद्योग आले, महामार्ग आला, टोलनाकाही आला. वतनाच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या. हात मात्र गवत साफ करायलाच उरले.

म्हणून येत्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडणार आहोत : प्लॉटमालकाने गवत कापण्याची मजुरी द्यावी, आणि त्याच्या जागेत आग लागली तर पहिली नोटीस सात-बारावर ज्याचे नाव आहे त्याला जावी. वस्तीतल्या सगळ्यांनी, विशेषतः बायांनी, हजर राहावे.